झोळीसुद्धा नको

१३२१ सालच्या एप्रिल महिन्यात ठाण्याच्या काझीपुढे एका बाईने फिर्याद मांडली. नवऱ्याने मला मारले, एवढीच तिची तक्रार. घर ख्रिस्ती होते, इराण-इराककडच्या सिरियन परंपरेतले. युरोपातले लोक या ख्रिस्तींना नेस्टोरियन म्हणत. ठाण्यात तेव्हा त्यांची पंधरा घरे होती. काझीने पुरावा मागितला. बाई म्हणाली, आमच्याकडे चार फिरंगी साधू उतरले आहेत, त्यांनी सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. काझीजवळ इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा एक गृहस्थ बसला होता. हे साधू मोठे शिकलेले असतात, त्यांना बोलावून घ्या, धर्माविषयी चार गोष्टी बोलता येतील, असे त्याने सुचवले. चौघांपैकी तिघे गेले. चौथा, पीटर, सामानाजवळ थांबला.

इथून पुढे त्या बाईच्या फिर्यादीचा विषयच निघत नाही. नवऱ्याने मारल्याची साक्ष द्यायला गेलेले साधू धर्माच्या वादात सापडले, आणि आठवड्याच्या आत चौघेही मारले गेले. ही हकीकत आपल्याला कळते ती दोन युरोपीय साधूंमुळे. एक जॉर्डन, तो त्या दिवसांत सोपाऱ्याकडे गेला होता आणि मागाहून ठाण्याला परतला. दुसरा ओडोरिक, तो काही महिन्यांनी-वर्षांनी ठाण्यात उतरला आणि ऐकलेले सारे त्याने पुढे लिहवून घेतले. दोघेही मेलेल्यांच्या बाजूचे, हे ध्यानात ठेवूनच ही हकीकत वाचायला हवी.

पण मुळात हे चौघे ठाण्यात कशाला आले? त्यांच्यापाशी व्यापाराचा माल नव्हता, कुण्या राजाची फौज नव्हती. त्यांना घराबाहेर काढले होते शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथातल्या, एका उताऱ्याने.

ऐकले आणि उठले

मध्ययुगीन युरोपातला सामान्य ख्रिस्ती माणूस शुभवर्तमान वाचत नसे. पुस्तक लॅटिनमध्ये, हाताने लिहिलेले, कातड्याच्या पानांचे आणि महागडे. ते असायचे मठात, नाहीतर चर्चमध्ये. लोक ते ऐकत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असताना शुभवर्तमानाचा उतारा वाचायची वेळ आली की सगळे उभे राहत, मेणबत्त्या धरल्या जात, धूप फिरे. बाकीचे वाचन बसून ऐकले तरी चाले, हे मात्र उभ्यानेच. आपल्याकडे नवविधा भक्तीत श्रवण पहिले मानले आहे. तिकडची भक्तीही कानानेच सुरू होत होती.

या श्रवणातून तिथली अर्धी धर्मरीत घडली. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. म्हणून पवित्र गुरुवारी मठाधिपती भिकाऱ्यांचे पाय धूत. मत्तयाच्या शुभवर्तमानात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस अशी यादी येते. तिच्यात मृताला मूठमाती देणे जोडून दयेची सात कामे ठरली आणि त्यांच्या आधाराने धर्मशाळा व रुग्णालये उभी राहिली. लूकाने येशूचा जन्म गव्हाणीत झाल्याचे लिहिले. म्हणून १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी फ्रान्सिस नावाच्या साधूने खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून गोठा मांडला. आज वसईपासून मंगळुरूपर्यंत घरोघरी नाताळात गोठा सजवतात, त्या चालीला याच रात्रीने मोठे बळ दिले.

पण रीत घडणे वेगळे आणि माणूस उठून चालू लागणे वेगळे. इजिप्तमध्ये तिसऱ्या शतकात अँटनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये एक उतारा ऐकला. परिपूर्ण व्हायचे असेल तर आहे ते विकून गरिबांना दे, असे येशूने एका श्रीमंत तरुणाला सांगितले होते. अँटनीने ते स्वतःलाच सांगितले असे धरले, वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना वाटली आणि वाळवंट गाठले. ख्रिस्ती संन्यासाची परंपरा त्याला आपला मूळपुरुष मानते. ११७३ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरातला वाल्डो नावाचा सधन व्यापारी तसाच उठला. त्याने आणखी एक केले. पदरचे पैसे खर्चून शुभवर्तमान लोकांच्या बोलीत उतरवून घेतले आणि त्याचे अनुयायी रस्त्यारस्त्यावर ते सांगू लागले. परवाना नसताना प्रवचन करतात म्हणून ११८४ मध्ये पोपने त्यांना बहिष्कृत केले. १२२९ मध्ये तुलूझच्या धर्मसभेने तर सामान्यांनी बायबलचे ग्रंथ घरी ठेवू नयेत असाच ठराव केला. ज्या पुस्तकासाठी चर्चमध्ये उभे राहायचे, ते घरी सापडले तर गुन्हा.

या दोन तारखांच्या मधे असिसीचा फ्रान्सिस येतो, गोठा मांडणारा तोच. कापडाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १२०८ च्या सुमारास पोर्तिउंकुला नावाच्या छोट्याशा चर्चमध्ये मिस्सेला उभा होता. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातला उतारा वाचला गेला. शिष्यांना गावोगाव धाडताना येशू बजावतो की कमरेला सोने, रुपे, तांबे काही बांधू नका, वाटेसाठी झोळी घेऊ नका, दुसरा अंगरखा नको, वहाणा नकोत, काठीसुद्धा नको. फ्रान्सिसला लॅटिन नीटसे कळले नाही. मिस्सा आटोपल्यावर त्याने पाद्र्याकडून अर्थ समजावून घेतला, काठी टाकली, वहाणा काढल्या, चामडी पट्टा सोडून कमरेला दोरी बांधली. आपल्याकडच्या गोसाव्याला, बैराग्याला निदान झोळी असते. या उताऱ्याने तीही काढून घेतली.

पहिला सोबती बर्नार्ड आला तेव्हा दोघांनी असिसीच्या सेंट निकोलस चर्चमध्ये जाऊन तीनदा पुस्तक उघडले, आपण देवाला कौल लावतो तसे. तिन्ही वेळा सोडून दे, काही घेऊ नको, मागे ये याच आशयाची पाने निघाली. ज्या हस्तलिखितावर हा कौल लावला असे मानतात, ते आज अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. १२०९ मध्ये फ्रान्सिस रोमला गेला आणि पोप तिसऱ्या इनोसंटकडून त्याने तोंडी परवानगी मिळवली. वाल्डोची आणि त्याची वाट एकच होती. फरक एवढाच पडला की फ्रान्सिसला परवानगी मिळाली.

कणगीवरून पेटलेला वाद

परवानगीने प्रश्न सुटला नाही, लांबणीवर पडला. बारा जणांनी झोळीशिवाय फिरणे जमते. बारा हजारांचे काय? साधू वाढले, त्यांना राहायला घरे लागली, शिकायला पुस्तके लागली, आजाऱ्यांना खाटा लागल्या. नियम तर सांगत होता की नाण्याला हात लावायचा नाही, घर, जागा, काहीच आपले म्हणायचे नाही. त्यावर कायदेपंडितांनी तोड काढली. मालकी पोपची, वापर भिक्षूंचा. १२४५ मध्ये एका पोपने ती मान्य केली, १२७९ मध्ये दुसऱ्याने पक्की केली. कागदोपत्री भिक्षू निष्कांचन राहिले आणि मठांचे कोठार भरले तरी ते पोपचे ठरले.

काही साधूंना ही कागदी गरिबी मानवेना. त्यांना स्पिरिच्युअल म्हणत. इटलीच्या पूर्व किनाऱ्याला अँकोना नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या तोलेंतिनो गावचा थॉमस त्यांच्यातलाच, आणि पुढे ठाण्यात मारल्या गेलेल्या चौघांतलाही. उताऱ्यात लिहिले आहे तसेच जगायचे, या हट्टापायी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना त्यांच्याच संघाच्या वरिष्ठांनी कैदेत टाकले. शिक्षा जन्मठेपेची होती. १२८९ मध्ये संघाला नवा प्रमुख मिळाला, रेमाँ नावाचा. चौकशीला आल्यावर त्याने यांना सोडले. पण गावी ठेवले तर पुन्हा भांडण होणार, म्हणून त्यांना दूर आर्मेनियाच्या राजाकडे पाठवून दिले. अशा हट्टी माणसाला सांभाळायची युरोपने शोधलेली युक्ती ही होती: त्याला पूर्वेला धाडा.

थॉमस पूर्वेतही स्वस्थ बसला नाही. आर्मेनियाच्या राजाचा वकील म्हणून तो पोप आणि युरोपीय राजांकडे जाऊन आला. १३०७ मध्ये त्याने पोपच्या दरबारात चीनमधून आलेली पत्रे पोचवली. ती लिहिली होती मोंतेकोर्व्हिनोच्या जॉनने. फ्रान्सिसच्याच संघातला, म्हणजे फ्रान्सिस्कन, हा साधू पेकिंगला राहून १३०५ च्या पत्रात कळवत होता की नवा करार आणि स्तोत्रे तातारांच्या भाषेत उतरवली आहेत. ल्योंमध्ये शुभवर्तमान लोकांच्या बोलीत सांगणाऱ्या वाल्डोच्या माणसांना बहिष्कृत केले होते, पेकिंगमध्ये ते तिथल्या भाषेत उतरवणाऱ्या जॉनला पोपने आर्चबिशप केले.

तिकडे युरोपात मात्र वाद चिघळला. १३१७ मध्ये पोप बाविसाव्या जॉनने स्पिरिच्युअल साधूंना हुकूम काढला. मुद्दे दोन होते. एक, अंगावरचा झगा किती लांब असावा हे वरिष्ठ ठरवतील, तोकडी ठिगळांची वस्त्रे वापरून वेगळेपण मिरवायचे नाही. दुसरा, मठात धान्याची आणि दारूची कोठारे भरून ठेवायची की नाही, हेही वरिष्ठच ठरवतील.

आमच्या परभणीकडच्या जुन्या माणसांना यातली अडचण लगेच कळेल. हा ज्वारीचा मुलूख. घरात कणगी असायची, वाड्यात बळद, गावात जमिनीखाली पेव. पेव भरलेले म्हणजे पुढच्या दुष्काळाची भीती कमी. आणि ज्याच्या घरी पेव, तो दारात आलेल्याला मूठभर देऊ शकतो. पण दारात उभे राहणाऱ्यानेच पेव खणले तर? उद्याची तजवीज केली की आज मागायला येण्याचा अर्थ काय उरला? मार्सेलच्या चार स्पिरिच्युअल साधूंचा प्रश्न हाच होता. उद्याची चिंता करू नका, असे शुभवर्तमान सांगते. मग धान्याचे कोठार पोपच्या हुकमाने भरले, तरी ते उद्याचेच ना? त्यांनी हुकूम मानला नाही. ७ मे १३१८ रोजी मार्सेलमध्ये चौघांना पाखंडी ठरवून जिवंत जाळले.

पुढे पोपने मूळ तोडगाच मोडला. १३२२ च्या डिसेंबरात त्याने भिक्षूंच्या वस्तूंची मालकी त्यांच्याच पदरात टाकली. त्याचा युक्तिवाद रोखठोक होता: जी वस्तू वापरताच संपते, तिचा वापर आणि मालकी वेगळी कशी करणार? भाकर खाल्ली की ती खाणाऱ्याची झाली. १२ नोव्हेंबर १३२३ ला त्याने जाहीर केले की येशू आणि त्याच्या शिष्यांची एकत्र वा एकेकट्याची काहीच मालमत्ता नव्हती, असे हट्टाने म्हणणे हे पाखंड आहे.

म्हणजे मार्सेलमध्ये चौघे जळाले १३१८ मध्ये, ठाण्यात चौघे मेले १३२१ मध्ये, आणि ज्या श्रद्धेवर दोन्हीकडचे साधू उभे होते ती पाखंड ठरली १३२३ मध्ये. साडेपाच वर्षांत हे सगळे घडले.

त्याच वर्षांत गोदाकाठी

इथे जरा आपल्या मुलखाकडे पाहू. १३१८ मध्येच देवगिरीचा हरपालदेव दिल्लीच्या मुबारक खिलजीने मारला आणि यादवांचे राज्य संपले. १३२१ साली दिल्लीच्या गादीवर गियासुद्दीन तुघलक होता. गोदाकाठचे गंगाखेड आणि खाडीकाठचे ठाणे दोन्ही त्या वर्षी एकाच दिल्लीकडे पाहत होते.

गंगाखेड आज परभणी जिल्ह्यात आहे आणि जनाबाईंचे गाव म्हणून ओळखले जाते. त्या लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेल्या. नामदेवांचे नरसी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, हिंगोली वेगळा झाल्यावर तिकडे गेले. विसोबा खेचरांचे औंढा नागनाथही त्याच टापूतले. ठाण्यात थॉमस मारला गेला तेव्हा परंपरेने सांगितलेल्या सालांनुसार नामदेव पन्नाशीत होते.

त्याआधीच्या पिढीत चक्रधरस्वामींनी गोदाकाठावर वेगळाच पंथ उभा केला होता. महानुभाव साधूने एका जागी रुतायचे नाही, अटन करायचे, भिक्षेवर राहायचे, एकान्तात नामस्मरण करायचे. तेही काही जवळ ठेवत नसत, पण झोळी मात्र त्यांच्याकडे होती. १२७४ च्या सुमारास स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले, त्यांच्या आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्यातून लीळाचरित्र आले. गुरू गेल्यावर शिष्यांनी आठवणींतून रचलेले, लहान लहान प्रसंगांचे, वाटेतल्या भेटींचे, साध्या माणसांचे आणि बायकांचे पुस्तक. मराठी वाचकाला शुभवर्तमान कशा जातीचा ग्रंथ आहे हे समजून घ्यायचे असेल, तर लीळाचरित्र हातात घ्यावे.

पुढची वाटही ओळखीची आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ चौदाव्या शतकात सांकेतिक सकळ लिपीत बंद केले, बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणून. युरोपात शुभवर्तमान लॅटिनच्या कुलुपात राहिले. वारकऱ्यांनी मात्र उलटे केले. त्यांनी शब्द दळणाकांडणाच्या तोंडी देऊन टाकला, आणि गंगाखेडच्या दासीच्या नावाने अभंग उरले. कुलूप लावलेला शब्द जपला जातो, मोकळा सोडलेला शब्द माणसाला कामाला लावतो. फ्रान्सिसने तो लॅटिनमधला उतारा पाद्र्याकडून आपल्या बोलीत समजावून घेतला नसता, तर थॉमस ठाण्याला आला नसता.

वाऱ्याने भलत्याच बंदरात

ठाण्याला येणे त्यांच्या बेतातच नव्हते. साठी ओलांडलेला थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियातल्या तिफ्लिसचा देमेत्रियस, हे चौघे इराणातल्या होर्मुझहून जहाजात बसले. देमेत्रियस पुरोहितपदाची दीक्षा न घेतलेला बंधू होता आणि दुभाष्याचे काम करी. बरोबर डोमिनिकन संघाचा फ्रेंच साधू जॉर्डन होता. जायचे होते कोल्लमला, तिथे येशूचा शिष्य संत थॉमस याची परंपरा सांगणारे ख्रिस्ती होते, आणि पुढे चीनला. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणले.

ख्रिस्ती वस्ती या किनाऱ्याला नवी नव्हती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. ठाण्याची पंधरा घरे त्याच जुन्या धाग्यातली. रोमच्या दृष्टीने ती पाखंडी होती, पण पाहुणे म्हणून आलेल्या रोमच्या साधूंना त्यांनीच घरात घेतले.

ओडोरिकने ठाण्याचे वर्णनही केले आहे. झाडेझुडपे भरपूर, अन्नाची ददात नाही, राज्य मुसलमानांचे, लोक मूर्तिपूजक. कबुतराएवढी वटवाघळे पाहून तो चकित झाला. आणि उंदीर कुत्र्याएवढे, मांजराला आवरत नाहीत, म्हणून कुत्री त्यांना धरतात, असे त्याने लिहून ठेवले. ठाण्याच्या गटाराकडेला संध्याकाळी घूस पाहिलेला कुणीही त्याला खोटे म्हणणार नाही.

काझीपुढे वाद सुरू झाला तो येशू देव की माणूस यावर. साधूंनी आपले म्हणणे मांडले. मग त्यांना विचारले गेले की इस्लामच्या पैगंबरांबद्दल तुमचे मत काय. ओडोरिकच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी आधी उत्तर टाळले. आग्रह झाला तेव्हा थॉमसने अतिशय कडवट उत्तर दिले. मग सुटका नव्हती. तिघांना एप्रिलच्या उन्हात बांधून ठेवले, मैदानात जाळ करून जेम्सला त्यात लोटले. तो दोनदा न जळता बाहेर आला, असे संतचरित्रांच्या रीतीने कथा सांगते. शहराचा मलिक, म्हणजे सुभेदार, नरमला आणि त्याने त्यांना खाडीपलीकडे पोचवून निघून जायला सांगितले. काझीने मलिकाचे मन पुन्हा फिरवले. रात्री चार हत्यारबंद माणसे गेली आणि तिघांची डोकी उडवली. झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार होता, ९ एप्रिल. सामानाजवळ राहिलेला पीटर नंतर सापडला. त्याला हाल करून मारले.

फ्रान्सिसने या प्रसंगासाठी काही सांगून ठेवले होते का? होते. १२१९ मध्ये धर्मयुद्ध ऐन भरात असताना तो स्वतः इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला भेटायला गेला, त्याच्याशी बोलला आणि सुखरूप परतला. दोन वर्षांनी लिहिलेल्या नियमावलीत त्याने मुसलमानांमध्ये राहायला जाणाऱ्या साधूंसाठी दोन मार्ग नोंदवले. पहिला, वादविवाद आणि भांडण न करता, सगळ्यांच्या हाताखाली राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे मान्य करून जगायचे. दुसरा, देवाला रुचेल असे दिसले तर शब्द जाहीर सांगायचा. वादाविना राहणे त्याने आधी लिहिले. पण १२२० मध्ये मोरोक्कोत त्याच्या पाच साधूंनी जाहीर प्रवचने करून मरण ओढवून घेतले होते, आणि संघाच्या आठवणीत सुलतानाच्या भेटीपेक्षा त्या रक्ताचीच जागा मोठी झाली. थॉमस ठाण्याला पोचला तो ही आठवण घेऊन. झोळी नव्हती, पण हे ओझे होते.

हाडे, फणस आणि एक बिशप

जॉर्डन परतला तेव्हा सोबती संपले होते. त्याने प्रेते सोपाऱ्याला नेऊन पुरली. दयेच्या सात कामांतले शेवटचे काम त्याच्या वाट्याला आले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्याने गुजरातेतल्या घोघ्याहून इराणमधल्या साधूंना पत्र पाठवले: काय घडले, किती जणांना बाप्तिस्मा दिला, आणखी माणसे पाठवा. पुढच्या पत्रात एकटेपणा आणि आजारपण आहे. तरीही तो या किनाऱ्यावर टिकला आणि नंतर एक पुस्तक लिहिले. त्यात फणस आहे, एक फळ पाच जणांना पुरते असा. आंबा आहे, नारळ आहे, झाडाच्या शेंड्याला छेद देऊन गोळा केलेली ताडी आहे, मृतांना उघड्यावर ठेवणारे पारशी आहेत. आणि ज्यांना मेलेले जनावर खावे लागते, इतरांची ओझी वाहावी लागतात, असे लोकही आहेत. मंगळवेढ्याचे चोखोबा तेव्हा हयात होते. शुभवर्तमान खांद्यावर घेऊन आलेल्या या परक्या साधूने गावकुसाबाहेरची माणसे पाहिली आणि नोंदली, पण त्यांच्या तोंडचा अभंग त्याच्या कानावर पडला नाही.

ओडोरिक आला आणि त्याने चौघांची हाडे उकरून कापडात बांधली. ती घेऊन तो समुद्रमार्गे चीनमधल्या झैतूनला गेला आणि तिथल्या फ्रान्सिस्कन मठात ठेवली. निष्कांचन माणसांची हाडे हीच आता मठाची संपत्ती झाली. १३३० मध्ये पादुआला त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्याच्या सांगण्यानुसार दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या मलिकाला बोलावून देहान्त शिक्षा दिली आणि काझी पळून गेला.

युरोपात ठाण्याच्या चौघांची कीर्ती झाली. बाविसाव्या जॉन पोपनेच १३२९ मध्ये जॉर्डनला कोल्लमचा बिशप नेमले. मार्सेलच्या साधूंना जाळायला लावणारी राजवट आणि ठाण्याच्या साधूंच्या सोबत्याला बिशप करणारी राजवट एकच. ठाणे दूर होते, तिथली गरिबी पोपच्या कोठाराला धक्का लावत नव्हती. मार्सेल जवळ होते.

शुभवर्तमान मराठीत यायला आणखी तीनशे वर्षे गेली. फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात राशोलला १६१६ मध्ये ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले, आणि सेरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. १३२१ मध्ये ठाण्याच्या बाजारातल्या माणसाला ते वाक्य त्याच्या भाषेत ऐकायला मिळण्याची सोय नव्हती. त्याने पाहिली ती फक्त अनवाणी, दोरी बांधलेली माणसे.

ठाण्याला गेलात तर तलावपाळीजवळ पोर्तुगीज काळातले सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च दिसेल. ते या घटनेनंतर अडीचएक शतकांनी आलेल्या फ्रान्सिस्कनांच्या परंपरेतले. नालासोपाऱ्याला बौद्ध स्तूप आणि अशोकाच्या शिलालेखाचे गाव म्हणून लोक जातात. तिथे कधीकाळी चार ख्रिस्ती भिक्षूही पुरले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

थॉमस दोनदा पकडला गेला. एकदा इटलीत, शुभवर्तमान शब्दशः पाळले म्हणून, स्वतःच्या संघाकडून. दुसऱ्यांदा ठाण्यात, वादात दिलेल्या उत्तरासाठी, परक्यांकडून. मला विचाराल तर शुभवर्तमानासाठी त्याने भोगले ते पहिल्या वेळी. रोमने मोजली ती दुसरी वेळ. १८९४ मध्ये पोप तेराव्या लिओने त्याला धन्य म्हणून मान्यता दिली आणि ९ एप्रिल त्याचा स्मरणदिन ठरला. मार्सेलच्या चौघांसाठी चर्चच्या दिनदर्शिकेत दिवस नाही.